दिल्ली बघायला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिल्लीला निघालेली मराठी मंडळी वर्षानुवर्षं मला जे प्रश्न पाठवत आली आहेत, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक, पुढे जरा अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. एक विनंती आधीच करते: "एका दिवसात दहा ठिकाणं" छापाच्या बसने दिल्ली बघू नका. हे शहर जुन्याचे दगड काढून नव्याच्या भिंतीत बसवत वाढलं आहे. ते कळायला एकेका जागी थोडं रेंगाळावं लागतं.

१. दिल्ली आणि नवी दिल्ली एकच का? देशाची राजधानी नेमकी कोणती?

राजधानी नवी दिल्ली. दिल्ली हा विधानसभा असलेला केंद्रशासित प्रदेश आहे आणि नवी दिल्ली हा त्याचा एक भाग. इंग्रजांनी वसवलेली रुंद रस्त्यांची, गोल चौकांची, कडुलिंब-जांभळाच्या रांगांची ती नवी दिल्ली. लाल किल्ला, जामा मशीद, चांदणी चौक या भागाला लोक "पुरानी दिल्ली" म्हणतात. तिचं मूळ नाव शाहजहानाबाद.

२. "सात दिल्ली" म्हणतात त्या कोणत्या? आज दिसतात का?

साधारण क्रम असा: राजपूत राजांचा लालकोट आणि किला राय पिथौरा, अलाउद्दीन खिलजीची सिरी, गियासुद्दीन तुघलकाचं तुघलकाबाद, त्याचा मुलगा महंमद याचं जहाँपनाह, फिरोजशहाचं फिरोजाबाद, हुमायूनने सुरू केलेलं आणि शेरशहाने आपलंसं केलेलं दीनपनाह (आजचा पुराना किला) आणि शाहजहानचं शाहजहानाबाद. इंग्रजांची नवी दिल्ली ही आठवी. काही अभ्यासक ही संख्या वाढवतात.

दिसतात, पण सारख्या नाहीत. सिरीच्या तटाचे तुकडे वस्तीत हरवले आहेत, तुघलकाबादचा तट अजून अंगावर येतो. पुराना किल्ल्यातला शेर मंडल हा अष्टकोनी मनोरा मात्र चुकवू नका. त्याच्या जिन्यावरून पडून १५५६ मध्ये हुमायूनचा अंत झाला.

३. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला कधी आली?

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने ही घोषणा केली. तीनच दिवसांनी दरबाराच्या मैदानाजवळ पायाभरणीही झाली. पुढे जागेचा विचार बदलला, शहर दक्षिणेला रायसीना टेकडीवर सरकलं. एडविन लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर हे त्याचे मुख्य वास्तुकार. फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या राजधानीचं रीतसर उद्घाटन झालं आणि अवघ्या सोळा वर्षांत ती बांधणाऱ्यांना निघून जावं लागलं.

दरबाराची जागा आज कोरोनेशन पार्क म्हणून उत्तर दिल्लीत आहे. पर्यटक तिकडे जवळजवळ फिरकत नाहीत. इंडिया गेटमागच्या छत्रीतला पाचव्या जॉर्जचा पुतळा काढून तिथेच नेऊन उभा केला आहे. मला ही जागा फार बोलकी वाटते. ज्या मैदानावर साऱ्या संस्थानिकांनी त्याच्यापुढे मान झुकवली, तिथेच तो आता झाडांच्या सोबतीने उभा आहे.

४. हातात तीन दिवस आहेत. कसे वाटून घेऊ आणि कोणत्या वारी काय बंद असतं?

एक दिवस दक्षिणेला: कुतुब परिसर, मेहरौली, वेळ उरला तर तुघलकाबाद. दुसरा दिवस मध्यभागी: हुमायूनची कबर, निजामुद्दीन, पुराना किला, संध्याकाळी इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक. तिसरा पूर्ण दिवस शाहजहानाबादला द्या.

सोमवार सांभाळा. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम आणि कमळ मंदिर हे चारही सोमवारी बंद असतात. कुतुब परिसर आणि हुमायूनची कबर रोज उघडी. म्हणजे सोमवार दक्षिणेला किंवा मध्यभागी घालवा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी काही दिवस लाल किल्ल्यात प्रवेश बंद असू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करून घ्या. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

मेट्रोने फिरा. कुतुबमिनार नावाचं स्थानक मिनारापासून बरंच लांब आहे, तिथून रिक्षा करावी लागते. लाल किल्ला स्थानक मात्र खरोखरच किल्ल्यासमोर आहे.

५. लाल किल्ल्यात आत गेल्यावर सगळं रिकामं वाटतं. एवढंच आहे का?

हा प्रश्न निराश होऊन परतलेले लोक विचारतात आणि त्यांची निराशा रास्त आहे. १६४८ मध्ये पूर्ण झालेल्या या किल्ल्यात राजवाडे, जनानखाना, बागा, कारखाने असं एक नगरच होतं. १८५७ नंतर इंग्रजांनी त्यातला मोठा भाग पाडला आणि सैन्यासाठी बराकी उभ्या केल्या. हिरवळीच्या मधोमध दिसणाऱ्या त्या तीनमजली रुक्ष इमारती म्हणजेच त्या बराकी. रिकामेपण हाच इथला इतिहास आहे.

तेव्हा जे उरलं ते सावकाश बघा. छत्ता चौकातला झाकलेला बाजार मुघल काळापासूनचा आहे. दिवाण-इ-आमच्या सिंहासनामागे रंगीत दगडांच्या जडावकामातले पक्षी आहेत. दिवाण-इ-खासमध्ये एके काळी मयूरासन होतं, ते १७३९ मध्ये नादिरशहाने नेलं. त्याच दालनात १८५८ मध्ये बहादूरशहा जफरवर खटला चालला. १९४५-४६ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटलेही याच किल्ल्यात झाले. बराकींमध्ये आता संग्रहालयं आहेत आणि त्यातलं नेताजी व आझाद हिंद सेनेचं आवर्जून बघण्यासारखं आहे.

मागच्या तटाशी उभं राहून खाली बघितलं तर वाहनांचा रस्ता दिसतो. तिथून यमुना वाहत असे. महालांच्या जाळ्या पूर्वेकडे का उघडतात ते तेव्हा उमगतं.

६. दिवाण-इ-खासच्या छताची चांदी मराठ्यांनी काढून नेली, हे खरं का?

हो. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा छताचा चांदीचा पत्रा उतरवून त्याचे रुपये पाडले गेले. भाऊंबरोबर अफाट सैन्य आणि बुणगे होते, उत्तरेत वसुली होत नव्हती आणि फौजेच्या पोटाला घालायला पैसा नव्हता. हा उपाय सूरजमल जाटासारख्या सोबत्याला रुचला नाही, असंही सांगितलं जातं.

किती रुपये पडले याचे आकडे निरनिराळे सांगितले जातात, म्हणून मी एकही देत नाही. पण हे आपण झाकू नये असं मला मनापासून वाटतं. त्याआधी नादिरशहा, जाट आणि अब्दाली यांनीही दिल्ली लुटली होती, ही झाली पार्श्वभूमी. तिने चांदीची गोष्ट पुसली जात नाही. पानिपतावर जे घडलं त्याआधीची पैशाची ओढाताण किती जीवघेणी होती, हे या छताखाली उभं राहिल्यावर जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही. आज वर दिसतं ते रंगवलेलं लाकडी छत पुष्कळ नंतरचं आहे.

७. मग मराठ्यांच्या आणखी कोणत्या खुणा दिल्लीत आहेत?

दगडाच्या कमी, घटनांच्या पुष्कळ. १७३७ च्या मार्चमध्ये पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन धडकले. त्या धामधुमीत येणारं तालकटोऱ्याचं नाव आज एका बागेला आणि बंदिस्त स्टेडियमला आहे. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी परागंदा बादशहा शाह आलम आपल्या तख्तावर परतला. १७८८ मध्ये गुलाम कादिराने त्याच बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजींच्या फौजांनीच दिल्ली सोडवली. तिथून १८०३ पर्यंत लाल किल्ल्यातल्या बादशहाला शिंद्यांचा आधार होता.

तो आधार ११ सप्टेंबर १८०३ च्या लढाईत गेला. यमुनेपलीकडे पटपडगंजच्या रानात जनरल लेकने शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. चांदणी चौकाच्या तोंडाशी असलेलं गौरीशंकर मंदिर शिंद्यांच्या पदरी असलेल्या आप्पा गंगाधर यांनी १७६१ मध्ये बांधलं, असं सांगतात. दर्शनाला गेलात तर ही आठवण ठेवा.

८. १५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकवला ना?

लाल किल्ल्यावर तो फडकला १६ ऑगस्टला. १५ तारखेचा जाहीर सोहळा इंडिया गेटजवळ प्रिन्सेस पार्कला झाला आणि गर्दी इतकी उसळली की आखलेला कार्यक्रम नीट पार पडेना. १५ ऑगस्टला लाहोरी दरवाजावरून पंतप्रधानांनी बोलायची प्रथा नंतरच्या वर्षांतली. शाळेच्या भाषणात हे हमखास चुकतं.

९. १५ ऑगस्टला पंतप्रधान आणि २६ जानेवारीला राष्ट्रपती, असं का?

१९४७ मध्ये राष्ट्रपती हे पदच नव्हतं. ते २६ जानेवारी १९५० ला राज्यघटनेबरोबर आलं, म्हणून प्रजासत्ताक दिनाचा मान राष्ट्रपतींचा. पद्धतीतही फरक आहे. स्वातंत्र्यदिनी ध्वज खालून वर चढवला जातो, ते ध्वजारोहण. प्रजासत्ताक दिनी तो आधीच वर बांधलेला असतो आणि दोरी ओढून उलगडला जातो.

१०. २६ जानेवारीचं संचलन प्रत्यक्ष कसं बघता येईल?

तिकीट काढून. संरक्षण मंत्रालयाच्या "आमंत्रण" या संकेतस्थळावर जानेवारीत विक्री सुरू होते आणि चांगल्या जागा झटकन जातात. ओळखपत्र मूळ लागतं. पहाटे निघा, अंगावर भरपूर गरम कपडे घाला, पिशव्या खोलीवरच ठेवा. मुंबई-पुण्याच्या थंडीचा अंदाज इथे चालत नाही आणि धुक्यात पहिला तासभर काही दिसेलच असं नाही.

तिकीट हुकलं तर साधारण २३ जानेवारीला होणारी पूर्ण गणवेशातली तालीम बघा. चित्ररथ, बँड, घोडदळ सगळं तसंच असतं. २९ जानेवारीला विजय चौकात मावळतीच्या वेळी बीटिंग रिट्रीट होतं. दिवसाची लढाई थांबवून फौजा तळावर परतत, त्या रिवाजावरून हा सोहळा आला. माझ्या मते दिल्लीतला सर्वांत देखणा सोहळा हाच. सूर्य खाली जातो आणि रायसीनाच्या इमारतींवर एकदम दिवे लागतात, तेव्हा लहान मुलंसुद्धा गप्प होतात.

पहिलं संचलन, १९५० चं, आयर्विन स्टेडियमवर झालं होतं. राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्य पथावर, ते कायमचं आलं १९५५ पासून.

११. जानेवारीत जमणार नाही. इतर महिन्यांत असा एखादा सोहळा असतो का?

राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात शनिवारी पहारेबदल होतो. नोंदणी राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर होते आणि वेळ ऋतूप्रमाणे बदलते. राष्ट्रपतींचं घोडेस्वार अंगरक्षक दल १७७३ पासूनचं आहे. भवनाची ठरावीक दालनंही आधी नोंदणी करून बघता येतात. तिथली अमृत उद्यान ही बाग (पूर्वीचं मुघल गार्डन) साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये खुली होते.

१२. इंडिया गेट कोणाचं स्मारक आहे? अमर जवान ज्योत विझवली का?

पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात कामी आलेल्या भारतीय सैन्याच्या शिपायांचं. उंची ४२ मीटर. भिंतींवर तेरा हजारांहून अधिक नावं कोरली आहेत. नुसता फोटो काढून निघू नका. नावं वाचत कमानीभोवती एक फेरी मारा.

अमर जवान ज्योत १९७१ च्या युद्धातल्या शहिदांसाठी २६ जानेवारी १९७२ पासून कमानीखाली तेवत होती. २१ जानेवारी २०२२ रोजी ती जवळच्याच राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली गेली. हे स्मारक २०१९ मध्ये खुलं झालं. अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र अशी त्याची चार वर्तुळं आहेत. त्याग चक्रातल्या विटेसारख्या दगडांवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं आहेत. घरातलं किंवा गावातलं कोणी असेल तर ते नाव शोधायला आवर्जून जा. क्रमांक ३ मधल्या त्या रिकाम्या छत्रीत २०२२ पासून नेताजींचा पुतळा आहे.

१३. कुतुबमिनारावर चढता येतं का?

नाही. ४ डिसेंबर १९८१ रोजी आत दिवे गेले, अंधाऱ्या जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण गेले. त्यांत बहुतेक शाळकरी मुलं होती. तेव्हापासून जिना बंद आहे. "ओळखीने चढवतो" म्हणणाऱ्याला थारा देऊ नका.

७२.५ मीटरचा हा मिनार एका माणसाचा नाही. कुतुबुद्दीन ऐबकने सुरुवात केली, इल्तुत्मिशने वर चढवला, वीज पडून मोडल्यावर फिरोजशहाने दुरुस्त केला. म्हणून वरचे मजले संगमरवराचे, गुळगुळीत आहेत. १८२८ मध्ये मेजर स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने शेंड्यावर एक छत्री बसवली. ती इतकी विजोड दिसली की वीस वर्षांनी उतरवली गेली. ती अजून बाजूच्या हिरवळीवर आहे.

शेजारच्या मशिदीबद्दलही विचारतात. सत्तावीस मंदिरांचं साहित्य तिच्यासाठी वापरलं, असं तिच्या पूर्वेकडच्या दरवाजावरचा शिलालेखच सांगतो. खांबांवरच्या घंटा, साखळ्या, कमळं उघड दिसतात. नजर टाळायचं कारण नाही.

१४. तिथला लोहस्तंभ गंजत का नाही? त्याला उलटी मिठी मारली की इच्छा पुरी होते म्हणे?

मिठी आता मारता येत नाही. हातांच्या घामाने आणि घासण्याने खराबी होऊ लागल्यामुळे १९९७ मध्ये कुंपण घातलं.

स्तंभ सात मीटरहून जरा उंच आणि सहा टनांहून जड आहे. वय सुमारे सोळाशे वर्षं. त्यावरच्या लेखातला "चंद्र" राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मुळात तो इथला नाही, दुसरीकडून आणलेला. तो न गंजण्याचं कारण आपल्या जुन्या लोहारांच्या पद्धतीत आहे. कोळशावर लोखंड काढताना त्यात फॉस्फरस जास्त राहिला आणि हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला. तोच थर पुढचा गंज अडवतो. कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमण्यम यांनी यावर मोलाचं संशोधन केलं.

१५. हुमायूनची कबर म्हणजे ताजमहालची नक्कल का?

उलट. ही १५७० च्या सुमारास पुरी झाली, ताजचं काम १६३२ ला सुरू झालं. चारबाग, उंच चौथरा, दुहेरी घुमट हे सगळं आधी इथे आलं. ताजमहाल बघून झाला असेल तरी इथे या. सकाळी उघडताच गेलात तर बाग जवळजवळ तुमचीच असते. १८५७ मध्ये बहादूरशहा जफर इथेच आश्रयाला आला होता आणि इथूनच पकडला गेला.

१६. चांदणी चौकात "चौक" कुठे आहे?

आता नाही. शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने आखलेल्या या बाजारात एक चौक होता, त्याच्या मधोमध हौद, आणि त्यात चांदणं उतरायचं. नाव आधी त्या चौकाचं, मग साऱ्या रस्त्याचं झालं. आता दिवसा मोटारींना बंदी असल्यामुळे पायी चालणं पूर्वीपेक्षा सुखाचं आहे. एकाच रस्त्यावर पक्ष्यांच्या इस्पितळासह जैनांचं लाल मंदिर, गौरीशंकर मंदिर (क्रमांक ७), गुरू तेगबहादूर यांचं १६७५ मध्ये बलिदान झालं तिथला सीसगंज गुरुद्वारा आणि टोकाला फतेहपुरी मशीद आहे. बल्लीमारानमधल्या गली कासिमजानमध्ये गालिबची हवेली आहे. हे सगळं टाकून नुसते पराठे खाऊन परतू नका.

१७. "फूलवालों की सैर" काय असते?

मेहरौलीतली फुलांची जत्रा. दुसऱ्या अकबरशहाचा मुलगा मिर्झा जहाँगीर याने इंग्रज रेसिडेंटवर गोळी झाडली आणि त्याला अलाहाबादला हद्दपार केलं गेलं. तो परतला तर बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन, असा नवस त्याच्या आईने केला. तो फेडताना बादशहाने योगमाया मंदिरातही फुलांचा पंखा पाठवला आणि तेव्हापासून चादर दर्ग्यावर, पंखा मंदिरात हा रिवाज पडला. १९४२ मध्ये इंग्रजांनी तो बंद पाडला, साठीच्या दशकाच्या सुरुवातीला नेहरूंच्या पुढाकाराने पुन्हा सुरू झाला. पावसाळा सरल्यावर भरते, पण तारीख दर वर्षी वेगळी. आधी चौकशी करूनच बेत ठरवा.

१८. फिरोजशहा कोटल्यात लोक भिंतीला चिठ्ठ्या का लावतात?

इथे जिन राहतात आणि ते गाऱ्हाणी ऐकतात अशी श्रद्धा आहे. गुरुवारी लोक अर्ज लिहून आणतात, काही जण त्याच्या प्रती काढून निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवतात. त्या वाचू नका आणि फोटो घेऊ नका. कोणाचं आजारपण, कोणाचा कज्जा, कोणाचं हरवलेलं माणूस असतं त्यात.

वर उभा आहे तो अशोकाचा स्तंभ. फिरोजशहाने तो टोपरा गावाहून कापसाच्या गाद्यांवर अलगद आडवा करून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून, मग होड्यांनी यमुनेतून आणवला. त्यावर काय लिहिलंय ते त्याच्या पदरच्या कोणालाच वाचता आलं नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा ते कळलं.

१९. "दिल्ली अजून दूर आहे" हे आपण म्हणतो, ते कुठून आलं?

"हनूज दिल्ली दूर अस्त" या फारसी बोलावरून. गियासुद्दीन तुघलक आणि निजामुद्दीन अवलिया यांचं वाकडं होतं. बंगालच्या स्वारीवरून परतणाऱ्या सुलतानाने अवलियांना दिल्ली सोडायचा हुकूम धाडला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, अशी आख्यायिका आहे. १३२५ मध्ये सुलतान दिल्लीच्या वेशीपर्यंत पोचला आणि स्वागतासाठी उभारलेला मंडप कोसळून त्याखाली मेला. त्याचा मुलगा महंमद तुघलक तो हाच, ज्याने पुढे राजधानी आपल्या देवगिरीला, दौलताबादला हलवली.

अवलियाही त्याच वर्षी गेले. त्यांच्या दर्ग्यावर गुरुवारी संध्याकाळी कव्वाली असते आणि वसंत पंचमीच्या सुमारास सगळे पिवळे कपडे घालून, मोहरीची फुलं घेऊन येतात. शेजारीच अमीर खुस्रो आहेत आणि दोन पावलांवर गालिब. सुलतानाची कबर तुघलकाबादच्या तटासमोर, रस्त्यापलीकडे आहे. तिथे बहुधा तुम्ही एकटेच असाल.